समुद्राला आरोपी करणारी समीक्षा

१

पाणबुडीत किंवा समुद्रतळावरील एखाद्या केंद्रात घडणाऱ्या भयपटांविषयी जे सैद्धान्तिक लेखन होते, त्यातील बऱ्याचशा लेखनाचा निष्कर्ष लेख वाचण्यापूर्वीच सांगता येतो. समुद्र म्हणजे नेणीव. खोली म्हणजे दमित वासनांचे अधिष्ठान. पाणबुडीचे बंदिस्त पोट म्हणजे मातेचा गर्भ. आणि तळातून वर येणारे अक्राळविक्राळ जनावर म्हणजे दमिताचे पुनरागमन. या चार समीकरणांत चित्रपटाचे कथानक बसवले की अर्थनिर्णय झाला, असे समजले जाते. विद्यापीठीय वर्गांतून पदव्युत्तर विद्यार्थीही हीच समीकरणे गिरवतात, कारण ती शिकवायला सोपी आणि तपासायला त्याहून सोपी आहेत.

या समीकरणांची वंशावळ मोठी भारदस्त आहे. समुद्र आणि गर्भाशय यांची सांगड सांदोर फेरेंझी यांनी १९२४ मध्ये ‘थॅलासा’ या ग्रंथात घातली. रॉबिन वुड यांनी १९७९ मध्ये अमेरिकी भयपटाची उपपत्ती दमिताच्या पुनरागमनाच्या आधारे मांडली. ज्यूलिया क्रिस्तेवा यांच्या १९८० मधील त्याज्यतेच्या मीमांसेचा आधार घेऊन बार्बरा क्रीड यांनी १९८६ मधील निबंधात आणि पुढे १९९३ मधील ग्रंथात रिडली स्कॉटच्या ‘एलियन’ (१९७९) या चित्रपटात आदिमातेचे भयावह रूप शोधले. १९८९ या एकाच वर्षी ‘डीपस्टार सिक्स’, ‘लेव्हायथन’ आणि ‘द अ‍ॅबिस’ हे समुद्रतळावरचे चित्रपट आले. त्यांपैकी पहिल्या दोघांवर ‘एलियन’ची छाप उघड असल्यामुळे अंतराळयानासाठी तयार झालेली किल्ली पाण्याखालच्या कुलपालाही लावण्यात आली.

या व्यवहारातील पहिला दोष तार्किक आहे. जनावर दिसले तर दमित परतले. दिसले नाही तर दमन यशस्वी झाले. जनावर मेले तर व्यवस्था पूर्ववत झाली. मेले नाही तर दमित अजिंक्य ठरले. कोणत्याही पुराव्याने जे खोटे ठरू शकत नाही, ते विधान अर्थनिर्णयन नसून मंत्रोच्चार असतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे आणि तो नैतिक आहे. या वाचनाने समुद्र आरोपी होतो आणि ज्यांनी माणसांना समुद्रात पाठवले ते सुटतात. प्रस्तुत लेखाचा आक्षेप मुख्यतः या दुसऱ्या दोषावर आहे.

वुड यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट येथेच नोंदवली पाहिजे. त्यांच्या मूळ मांडणीत मनातले दमन आणि समाजातली दडपशाही यांचा संबंध अनुस्यूत होता. समाज ज्यांना ‘परके’ ठरवतो, त्या स्त्रिया, कामगार, अन्य वंश व अन्य संस्कृती यांची यादीच त्यांनी दिली होती. नंतरच्या वापरात या मांडणीचा राजकीय अर्धा भाग गळून पडला आणि मानसशास्त्रीय अर्धा तेवढा उरला. सिद्धान्त आयात करताना त्याचे ओझे बंदरावरच उतरवून ठेवण्याचा हा प्रकार आहे.

२

चित्रपटांत प्रत्यक्षात काय दाखवले जाते, हे पाहण्यापूर्वी पाणबुडी ही वस्तू काय आहे हे पाहणे आवश्यक आहे. समुद्रात दर दहा मीटर खोलीला सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. मारियाना गर्तेच्या तळाशी, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर खोलीवर, तो हजार वातावरणांहून अधिक असतो. तेथे माणूस जगतो तो केवळ कवचामुळे, आणि कवच किती सोसेल हे आत बसलेल्याने ठरवलेले नसते. हवा मोजून मिळते. दरवाजा कोणी, कधी आणि कोणाच्या तोंडावर बंद करायचा याचे नियम असतात. खोली वाढवण्याचा हुकूम एक जण देतो आणि त्याचे परिणाम सर्वांना भोगावे लागतात. पाणबुडी हे गर्भाशय नव्हे. ती कामाची जागा आहे, आणि माणसाला अधिकारापासून पळून जाता येऊ नये अशी दुसरी इतकी परिपूर्ण कामाची जागा शोधूनही सापडणे कठीण.

आता १९८९ चे चित्रपट पाहावेत. शॉन कनिंगहॅम यांच्या ‘डीपस्टार सिक्स’मध्ये समुद्रतळावरील चमू नौदलासाठी अण्वस्त्रांचा तळ उभारीत असतो. मुदत गाठण्याच्या घाईत तळाखालील पोकळी सुरुंगाने फोडली जाते आणि जनावर बाहेर पडते. परंतु केंद्राचा खरा विनाश जनावर करीत नाही. क्षेपणास्त्रे सुरक्षित का करायची, याचे कारण यंत्र विचारते. भेदरलेला कर्मचारी ‘आक्रमण’ या अर्थाचे उत्तर भरतो. यंत्र नियमानुसार स्फोटाचा सल्ला देते आणि तो पाळला जातो. समुद्रतळावरची ही दफ्तरी प्रश्नोत्तरे म्हणजे चित्रपटातील सर्वांत भीषण प्रसंग होय. नेणिवेच्या समीक्षेला मात्र त्यात काहीच सापडत नाही, कारण त्यात ना गर्भ आहे ना वासना.

जॉर्ज कॉस्मॅटोस यांच्या ‘लेव्हायथन’मध्ये खाणकामगारांना बुडालेले सोव्हिएत जहाज सापडते. त्या जहाजावरील लोकांवर त्यांच्या नकळत एक जनुकीय प्रयोग झालेला असतो; प्रयोगाचे द्रव्य मद्यातून दिलेले असते. तेच मद्य आता खाणकामगारांच्या पोटात जाते. सुटकेची याचना केली असता कंपनीची अधिकारी वादळाची सबब सांगत राहते. शेवटी वर पोहोचलेला नायक त्या अधिकारी बाईला ठोसा लगावतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि समीक्षक हा प्रसंग बाजारू म्हणून सोडून देतात. तो कलादृष्ट्या ढोबळ आहे हे खरेच. परंतु दोष कोणाचा, हे चित्रपट समीक्षकापेक्षा अधिक नेमकेपणाने जाणतो, हेही तितकेच खरे. विल्यम युबँक यांच्या ‘अंडरवॉटर’मध्ये (२०२०) मारियाना गर्तेच्या तळावर खोदकाम चालते. शेवटच्या श्रेयनामावलीत वृत्तपत्रांची कात्रणे झळकतात आणि त्यांतून कळते, की कंपनीने घडल्या प्रकाराविषयी मौन पाळले असून खोदकाम वाढणार आहे. राक्षस नायिकेच्या आत्मबलिदानाने मरतो. कंपनी मरत नाही.

तीन चित्रपट, तीस वर्षांचे अंतर, आणि तिन्हींत एकच घटनाक्रम: वरून आलेला हुकूम, खाली केलेली घाई, लपवलेली माहिती आणि त्यानंतर जनावर. जनावर या क्रमात चौथे आहे. समीक्षेने त्याला पहिले केले.

३

या गफलतीचे स्वरूप नेमके सांगण्यासाठी रसचर्चेतील परिभाषा उपयोगी पडते. मराठी समीक्षेने ती परिभाषा बहुधा शृंगार, करुण आणि शांत यांच्यापुरती राखून ठेवली आहे. भयानकाचा विचार झालाच तर परीक्षेतील टिपेपुरता होतो. आलंबन विभाव आणि उद्दीपन विभाव यांतील भेद मात्र येथे निर्णायक ठरतो. ज्याच्यामुळे भय उत्पन्न होते ते आलंबन. जे भय चेतवते, वाढवते, ते उद्दीपन. अंधार, दाबाने करकरणारे पोलाद, गार पाणी आणि अथांग पोकळी ही सारी उद्दीपने आहेत. समुद्राला आलंबन मानणे म्हणजे श्मशानालाच वेताळ समजणे होय.

नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भयानकाचे जे विभाव सांगितले आहेत, त्यांत विकृत ध्वनी, सत्त्वदर्शन, युद्ध, अरण्य, शून्यगृह यांच्या जोडीला गुरुजनांचा आणि राजाचा अपराध हाही एक विभाव आहे. तेथेच भयानकाचे तीन प्रकार येतात: व्याजाने, म्हणजे खोटेपणाने दाखवलेले भय, अपराधातून उपजलेले भय, आणि धाकदपटशातून निर्माण झालेले भय. पाणबुडीतील भयपटांचा सर्वांत अर्थपूर्ण भाग यांतील दुसऱ्या प्रकारात मोडतो. प्रचलित समीक्षा तो तिसऱ्या प्रकारात घालते आणि म्हणून अपराध कोणाचा हा प्रश्नच तिच्यापुढे उभा राहत नाही.

विकृत ध्वनीचे स्थानही लक्षणीय आहे. पाणबुडीला खिडकी नसते. पेरिस्कोपच्या खोलीपलीकडे गेल्यावर आतल्या माणसाला बाहेरचे काहीही दिसत नाही. तो फक्त ऐकतो. चित्रपट हे दृश्यमाध्यम असल्याचे गृहीत धरून जी उपपत्ती दृष्टीभोवती, पाहण्याच्या सुखाभोवती आणि त्याच्या शिक्षेभोवती रचली गेली, ती या आंधळ्या नौकेत पांगळी ठरते. वोल्फगांग पीटरसनच्या ‘दास बोट’मध्ये (१९८१) भूत नाही, जनावर नाही, तरीही माथ्यावरून जाणाऱ्या विनाशिकेच्या सोनारचा आवाज आणि तो ऐकताना वर वळलेले चेहरे एवढ्यावर भयानक रस सिद्ध होतो. नोएल कॅरल यांनी १९९० च्या ग्रंथात भयकलेची व्याख्या करताना विज्ञानाला अमान्य अशा राक्षसाचे अस्तित्व अनिवार्य मानले. त्या व्याख्येने ‘दास बोट’ बाहेर पडतो, याला त्यांची हरकत नसावी. परंतु ज्या व्याख्येने रसनिष्पत्तीची यंत्रणा तीच असूनही केवळ जनावराच्या हजेरीवरून वर्ग बदलतो, ती व्याख्या भयाची नसून जनावराची आहे.

येथे प्राचीनांच्या नावाने जयजयकार करण्याचा मोह आवरला पाहिजे. भरताच्या मांडणीत अपराधाची दिशा खालून वर आहे: कनिष्ठाने वरिष्ठाचा अपराध केला आणि शिक्षेच्या भयाने तो कापू लागला. सातव्या अध्यायात तर भय हा भाव स्त्रिया आणि नीच प्रकृतीची पात्रे यांचा म्हणून सांगितला आहे. पाणबुडीतील भयपट ही दिशा उलटी करतो. येथे अपराध वरिष्ठाचा, तोही असहाय लोकांविरुद्धचा. आणि भय लपवण्याची सक्तीही वरिष्ठावरच, कारण त्याने भय दाखवले तर ती कबुली ठरेल. म्हणजे जुनी परिभाषा जशीच्या तशी चालणार नाही. तिच्यातील समाजरचना उलटवूनच ती वापरावी लागेल. तरीही अपराध हा शब्द तिच्याजवळ आहे. आजच्या लोकप्रिय सिद्धान्ताजवळ त्या जागी केवळ दमन आहे, आणि दमनाला कर्ता लागत नाही.

४

अपराधजन्य भयाची परंपरा या प्रकारात चित्रपटाहून जुनी आहे. एच. पी. लव्हक्राफ्टची ‘द टेम्पल’ ही कथा १९२० मध्ये लिहिली गेली आणि १९२५ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धातील जर्मन यू-बोटीचा उमराव घराण्यातील अधिकारी ती सांगतो. एक ब्रिटिश मालवाहू जहाज बुडवल्यावर तो खलाशांना होड्यांत उतरू देतो, ते दयेपोटी नव्हे, तर नौदलाच्या दप्तरासाठी चांगले चलच्चित्र मिळावे म्हणून. आणि चित्रण उरकताच त्या होड्याही तोफांनी बुडवल्या जातात. त्यानंतर एका मृत तरुणाजवळ सापडलेले हस्तिदंती शिर, खलाशांचे वेड आणि समुद्रतळावरील मंदिर हे सारे येते. लव्हक्राफ्टवरील चर्चा मंदिरापासून सुरू होते, वैश्विक भयाकडे जाते आणि होड्यांना विसरते. वस्तुतः कथेतील कॅमेरा मंदिराइतकाच महत्त्वाचा आहे. मरणाऱ्यांचे चित्रण करणारी दृष्टी आणि त्यांना मारणारी आज्ञा एकाच माणसाची आहे, हे लेखकाने आरंभीच सांगून ठेवले आहे.

ही कल्पना हवेतून आलेली वाटू नये. २७ जून १९१८ रोजी यू-८६ या पाणबुडीने ‘लँडोव्हरी कॅसल’ हे इस्पितळी जहाज बुडवले आणि नंतर जीवरक्षक नौकांवर गोळीबार केला. २३४ माणसे मेली, २४ वाचली. १९२१ मध्ये लाइपझिग येथील खटल्यात दोन कनिष्ठ अधिकाऱ्यांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. हुकूम देणारा कप्तान हाती लागला नव्हता. इतिहासाने स्वतःच येथे भयकथेचे बीज टाकले आहे: न्याय खालच्या पायरीपर्यंत पोहोचला, वरच्या पायरीला शिवला नाही.

डेव्हिड ट्वॉही यांचा ‘बिलो’ (२००२) हा चित्रपट याच बीजातून उगवतो, मात्र शत्रूच्या नौकेत नव्हे तर स्वपक्षाच्या. १९४३ मधील अमेरिकी पाणबुडी एका बुडालेल्या ब्रिटिश इस्पितळी जहाजावरील तिघांना पाण्यातून उचलते. त्यांत एक परिचारिका असते. शत्रूची नौका माथ्यावर असताना श्वासही जपून घ्यायचा, अशा क्षणी तबकडी आपोआप वाजू लागते. सुकाणू ऐकेनासे होते आणि पाणबुडी फिरून त्याच जागी येते. हळूहळू उलगडते, की ते जहाज याच पाणबुडीने चुकून बुडवले होते आणि पाण्यातील लोकांना वाचवू पाहणाऱ्या कप्तानाचा त्याच्याच अधिकाऱ्यांनी काटा काढला होता.

पाणबुडीत स्त्री शिरली आहे, एवढे दिसताच समीकरणवादी समीक्षेला हर्ष होतो: पुरुषांच्या बंदिस्त गर्भात स्त्रीचा प्रवेश, दमित मातृत्वाचे पुनरागमन, इत्यादी. खलाशीही तिला अपशकुनी मानतात. म्हणजे येथे समीक्षक आणि अंधश्रद्ध खलाशी एकाच बाजूला उभे आहेत. चित्रपट मात्र स्पष्ट सांगतो की ती धोकादायक आहे ती साक्षीदार म्हणून. तिने बुडते जहाज पाहिले आहे आणि ती प्रश्न विचारते. तिच्या स्त्रीत्वाचे प्रतीक करून टाकणे हा तिची साक्ष रद्द करण्याचा सुसंस्कृत मार्ग आहे. भूत खरे की प्राणवायूच्या कमतरतेने झालेला भास, याबाबत चित्रपट दीर्घकाळ संदिग्ध राहतो; पण खुनाबाबत संदिग्ध राहत नाही. तोदोरोव्हच्या परिभाषेतील अनिश्चय येथे अलौकिकापुरता मर्यादित आहे. अपराध निश्चित आहे. हा भेद ज्या वाचनात उरत नाही, ते वाचन चित्रपटापेक्षा कमी बुद्धिमान आहे.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की हे वाचनही तितकेच यांत्रिक आहे: नेणिवेच्या जागी कंपनी बसवली, गर्भाच्या जागी हुकूम बसवला. या आक्षेपात तथ्य असते, जर प्रत्येक चित्रपटाला हेच उत्तर लावले असते. ‘द अ‍ॅबिस’ला ते पूर्णतः लागत नाही, तेथील खोलीतील अपरिचित सृष्टी दयाळू आहे आणि संकट मुख्यतः उच्च दाबाने भ्रमिष्ट झालेल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या हातातील अण्वस्त्रातून येते. बॅरी लेव्हिन्सनच्या ‘स्फिअर’ला (१९९८) तर नेणिवेचीच परिभाषा लागू पडते, कारण त्या कथेत गोलाच्या संपर्कात आलेल्यांची भीती अक्षरशः मूर्त होते. मात्र तेथेही शेवटी वाचलेले तिघे चौकशीस सामोरे जाण्यापूर्वी घडलेले विसरून जायचे ठरवतात. विस्मरण तेथे मनाची आपोआप घडणारी क्रिया नाही. तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय आहे. येथे मांडलेले वाचन खोटे ठरू शकते आणि काही ठिकाणी ठरतेही, हीच त्याची प्रतिवादी वाचनापेक्षा वेगळी असलेली बाजू होय.

दुसरा आक्षेप कलावादी आहे: अपराध, कंपनी, हुकूम हे सारे कलाबाह्य, भयाचा अनुभव हा शुद्ध लयीचा, ताणाचा अनुभव आहे. मर्ढेकरांच्या वारशातून आलेल्या या भूमिकेचा मराठीत आदर आहे आणि तो रास्तही आहे. परंतु ‘बिलो’मधील तबकडी वाजण्याचा प्रसंग केवळ ताणाचा म्हणून वाचला, तर तो चांगला प्रसंग ठरतो, ज्यांना गप्प केले गेले त्यांनी शांततेच्या हुकुमाचा केलेला भंग म्हणून वाचला, तर तो आवश्यक प्रसंग ठरतो. आकृतीतील अपरिहार्यता दुसऱ्या वाचनातच कळते. म्हणजे येथे अपराध कलाबाह्य नाही. तो लयीचे कारण आहे.

६

या वादाचा भारतीय वाचकाशी संबंध आहे आणि तो आगंतुक नाही. ज्यूल व्हर्नच्या १८७० मधील कादंबरीतला कॅप्टन नेमो पुढे ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार म्हणून प्रकट होतो, १८५७ च्या उठावात सर्वस्व गमावलेला तो माणूस आहे. त्याच्या पाणबुडीला काचेची खिडकी होती आणि आपण बुडवलेले जहाज खाली जाताना तो त्या खिडकीतून पाहत होता. त्याचे क्रौर्य आणि त्याचे कारण दोन्ही वाचकासमोर होती. १९५४ च्या डिस्ने चित्रपटाने नेमोचे भारतीयत्व काढून टाकले. सूड राहिला, वसाहतवाद गेला. पाण्याखालच्या भयाचा कर्ता आणि कारण पुसण्याचे काम समीक्षेने सुरू केलेले नाही. तिने ते पुढे चालवले एवढेच.

‘द गाझी अटॅक’ (२०१७) हे उदाहरण याच संदर्भात बोलके आहे. डिसेंबर १९७१ मध्ये विशाखापट्टणमजवळ बुडालेली पाकिस्तानी पाणबुडी कशामुळे बुडाली, याविषयी दोन देशांचे दावे भिन्न आहेत. चित्रपट एका भारतीय पाणबुडीची कथा रचून तो प्रश्न निकालात काढतो. बुडालेल्या पोलादात अडकलेली माणसे त्याच्यासाठी विजयाचा हिशेब आहेत. ‘बिलो’ने स्वपक्षाच्या नौकेत भूत आणले, येथे शत्रूच्या नौकेतील मेलेल्यांनाही भूत होण्याची परवानगी नाही. समुद्रातील भयपट भारतात फारसा का रुजला नाही, याचे एक कारण येथे असू शकेल: अपराधजन्य भयासाठी स्वपक्षाचा अपराध कल्पिण्याची तयारी लागते.

१२ ऑगस्ट २००० रोजी ‘कुर्स्क’ ही रशियन पाणबुडी स्वतःच्याच टॉर्पेडोच्या स्फोटाने बुडाली. ११८ जण मेले. त्यांपैकी २३ जण स्फोटानंतर मागच्या नवव्या कप्प्यात जिवंत होते आणि एकाने अंधारात चिठ्ठी लिहिली. परदेशी मदत स्वीकारायला सरकारने काही दिवस घेतले. जून २०२३ मध्ये ‘टायटन’ हे खासगी जलयान पाच माणसांसह चिरडले गेले. त्याच्या प्रमाणीकरणाविषयी या क्षेत्रातील तज्ज्ञांनी २०१८ मध्येच लेखी इशारा दिला होता. या दोन्ही घटनांनंतर समुद्राच्या गूढतेविषयी आणि मानवाच्या आदिम भीतीविषयी पुष्कळ लिहिले गेले. नवव्या कप्प्यातील माणसाने मात्र आदिम भीतीविषयी लिहिले नव्हते. कोण कोण जिवंत आहे, हे त्याने लिहिले होते.

समीक्षेपुढचा पर्याय असा आहे. ती खोलीला अर्थ देत बसू शकते, किंवा खोलीवर कोणी, कोणाच्या हुकुमाने आणि कोणत्या सबबीवर माणसे पाठवली हे विचारू शकते. पहिल्या कामाला परिभाषा पुरते. दुसऱ्याला चित्रपट नीट पाहावा लागतो. समुद्रात दाब असतो, अंधार असतो, थंडी असते. हेतू मात्र नसतो. हेतू शोधायचा असेल तर वर, कोरड्या जमिनीवर पाहावे लागेल.